हेमाच्या पिस्तुलाची स्प्रिंग

श्रीनिवास देवस्थळी यांनी आयुष्यात एकदाही गोळी झाडली नाही. तरीही बालेवाडीच्या रेंजवर त्यांना ओळखत नाही असा नेमबाज त्या काळात पुण्यात नव्हता. फायरिंग लाइनच्या मागे जो लांब बाक असतो, त्याच्या उजव्या टोकाला ते बसत. शेजारी कापडी पिशवी, पिशवीत चहाचा थर्मास आणि बायकोचा स्वेटर. माणूस उंच, किडकिडीत आणि बोलायला अतिशय कंजूष.

त्यांची बायको हेमा ही माझी कॉलेजातली मैत्रीण. आम्ही दोघी एनसीसीत होतो, तिथेच पहिल्यांदा रायफल हातात घेतली. पुढे लग्नं झाली, मी बँकेत लागले, हेमा एका कारखान्याच्या ड्रॉइंग ऑफिसात. राष्ट्रीय खेळांसाठी बालेवाडीला रेंज झाली तेव्हा आम्ही तिशी ओलांडली होती. "नुसतं बघून येऊ," असं म्हणून हेमाच्या कायनेटिकवरून गेलो आणि सभासद होऊन परत आलो. तेव्हा औंधच्या पुढे दोन्ही बाजूंना शेतं होती आणि हिंजवडी हे एक गाव होतं, इतकंच आम्हाला ठाऊक होतं. माझी नेमबाजी हौसेपुरतीच राहिली. हेमाची तशी राहणार नाही हे पहिल्याच महिन्यात कळलं. पिस्तूल धरलेला तिचा हात एकदा वर गेला की भिंतीत ठोकलेल्या खुंटीसारखा राहायचा.

देवस्थळी भोसरीच्या एका कारखान्यात सुपरवायझर होते. स्कूटरच्या स्प्रिंगा बनवायचा कारखाना. नारायण पेठेत दुसऱ्या मजल्यावर दोन खोल्यांचं घर, मूलबाळ नाही. रविवारी हेमाबरोबर रेंजवर यायचं, ती झाडत असताना पेपर वाचायचा, परत जायचं. कुणीतरी त्यांना म्हणालं होतं, "देवस्थळी, बायको नेमबाज, म्हणजे तुमच्या घरी वाद होत नसतील." त्यावर ते म्हणाले, "वाद होतात. मी उत्तर देत नाही."

हेमाने पॉइंट टू टू बोअरचं एक इटालियन पिस्तूल घेतलं, एका निवृत्त फौजी अधिकाऱ्याचं, वापरलेलं. व्यवहार कॅम्पातल्या इम्तियाज शिकलगारांच्या दुकानात झाला. इम्तियाजभाईंचे आजोबा तलवारींना धार लावत, वडिलांनी बंदूकदुरुस्तीचा परवाना काढला, आणि इम्तियाजभाई पुण्यातल्या निम्म्या नेमबाजांची हत्यारं सांभाळत.

मुंबईतल्या एका राज्य स्पर्धेत त्या पिस्तुलाने हेमाला दगा दिला. पहिला भाग, सावकाश नेम धरून झाडायचं स्लो फायर, उत्तम झाला होता. दुसऱ्या भागात निशाण तीन सेकंद समोर येतं आणि वळून जातं, तेवढ्यात हात खालून वर आणून एक गोळी मारायची. तिसऱ्या गोळीला रिकामी पुंगळी बाहेर पडायच्या ऐवजी बोल्टमध्येच अडकली. नियमाप्रमाणे पाच गोळ्यांची ती मालिका पुन्हा झाडायची संधी मिळाली, तर पुन्हा तेच. ठरलेलं पदक गेलं.

परतीच्या एशियाडमध्ये ती खिडकीकडे तोंड करून बसली होती. मी मागच्या सीटवर. लोणावळा गेल्यावर देवस्थळींनी विचारलं, "आजची काडतुसं नेहमीची नव्हती का?"

"नव्हती. ती संपली. दुसरी मिळाली."

"मवाळ होती. आवाजच कमी येत होता."

"मग?"

"मग काडतुसाचा दोष नाही आणि पिस्तुलाचाही नाही. जोडी जुळली नाही." बसच्या तिकिटामागे त्यांनी बॉलपेनने आकृती काढली. गोळी सुटते, तिच्या धक्क्याने पिस्तुलाचा मागचा भाग, म्हणजे बोल्ट, मागे जातो आणि पुंगळी फेकतो. आतली स्प्रिंग त्याला पुन्हा पुढे ढकलते, तेव्हा नवं काडतूस आत जातं. धक्का कमी आणि स्प्रिंग कडक असली तर बोल्ट पुरता मागे जातच नाही, पुंगळी अडकते. धक्का मोठा आणि स्प्रिंग ढिली असली तर बोल्ट मागे जाऊन आदळतो, पिस्तूल उसळतं, पुढच्या गोळीला हात जागेवर यायला वेळ लागतो. "ज्या लॉटचं काडतूस, त्या लॉटची स्प्रिंग. स्कूटरचंही तेच असतं. एकटा बसणारा आणि चौघं बसणारे."

हेमाने आकृती पाहिली. "लग्नाला इतकी वर्षं झाली आणि हे तुम्ही मला आज सांगताय."

"तू विचारलं नव्हतंस."

दुसऱ्या आठवड्यापासून त्यांनी पेपर आणणं बंद केलं. काम सुटल्यावर मालकाच्या परवानगीने कारखान्यातल्या छोट्या लेथवर ते पियानो वायरच्या, म्हणजे कडक पोलादी तारेच्या, स्प्रिंगा वळत. पिस्तूल उघडायचं ते मात्र इम्तियाजभाईंच्याच दुकानात, कारण परवाना त्यांचा. दोघं काउंटरमागे डोकं घालून बसत, एखादा वेढा कमी करत, टोक घासत. रविवारी रेंजवर देवस्थळी हेमाच्या निशाणाकडे बघतच नसत. त्यांचं लक्ष पुंगळी कुठे पडते तिकडे. पायाशी पडली तर स्प्रिंग कडक, फार लांब उडाली तर ढिली. शेजारच्या, माझ्या लेनमध्ये येऊन पडायला लागली की ते समाधानाने चहा ओतत.

ती तीन-चार वर्षं त्यांची सुखाची. परदेशी काडतुसं असोसिएशनमार्फत मिळू लागली होती, पण कधी या लॉटची, कधी त्या. दर खेपेला देवस्थळी नवी जोडी जुळवत. हेमा राज्यात दोनदा पहिली आली. ड्रॉइंग बोर्ड मोडीत निघाले तेव्हा तिने कॉम्प्युटरवर ड्रॉइंग शिकून घेतलं आणि एका सॉफ्टवेअर कंपनीत चांगल्या पगारावर गेली. त्याच वर्षी राष्ट्रीय स्पर्धेत तिसरी आली. चाळिशीला टेकलेल्या बाईला भारतीय संघाच्या शिबिराचं बोलावणं आलं म्हणून मी पेढे घेऊन गेले, तर देवस्थळी दारात म्हणाले, "स्प्रिंगला पण द्या एक."

पुढच्या वर्षी दिवाळीनंतरच्या थंडीत, एका रविवारी हेमा बाकाशी आली आणि म्हणाली, "अहो, तुमची स्प्रिंग कडक झालीय. बोल्ट ओढताना बोटं सटकतात."

"बघतो," ते म्हणाले.

दोन दिवसांनी मी कॅम्पात इम्तियाजभाईंकडे माझ्या पिस्तुलाचा ट्रिगर दाखवायला गेले होते. देवस्थळी तिथेच होते. त्यांनी ती स्प्रिंग कारखान्यात काट्यावर दाबून पाहिली होती. कडक झालीच नव्हती, वापराने उलट थोडी सैलच पडली होती. इम्तियाजभाईंनी ती पिस्तुलात बसवली, बोल्ट ओढला, सोडला, पुन्हा ओढला.

"लोण्यासारखा येतोय हो," ते म्हणाले. मग त्यांनी पिस्तूल काउंटरवर ठेवलं आणि देवस्थळींकडे पाहिलं. "वहिनींना डॉक्टरांना दाखवा."

 देवस्थळींनी पिशवीतून तार काढली. "आधी हिच्यापेक्षा हलकी करू."

"हलकी केली तर बोल्ट आदळेल."

"आदळू दे. एक-दोन आठवडे. तोवर मी तिला सांगतो."

त्यांनी सांगितलं नाही. हलकी स्प्रिंग बसली, हेमाला बोल्ट ओढता येऊ लागला आणि पिस्तूल उसळायला लागलं. मग त्यांनी मवाळ काडतुसं आणली. ती जुळली तोवर हिवाळा संपत आला होता आणि हेमा पुन्हा म्हणाली, "कडक वाटतंय." त्यांनी आणखी हलकी केली. या खेपेला मात्र, ती बसवण्याआधी, रेंजवरच्या बाकाशी तिने नवी स्प्रिंग हातात घेतली, पहिली मागितली आणि दोन्ही शेजारी शेजारी धरून उजेडात पाहिल्या. ड्रॉइंग करणारी बाई ती, तारेची जाडी तिला डोळ्यांनी कळायची.

"ती कडक नव्हती ना?"

"नाही."

"कधीपासून माहीत आहे?"

"दिवाळीपासून."

"मग स्प्रिंग कसली बदलत बसलात? मला दवाखान्यात न्यायचं होतंत."

 तिने त्या दोन्ही स्प्रिंगा त्यांच्या पिशवीत टाकल्या, चष्मा चढवला आणि उरलेली मालिका पुरी केली. मी शेजारच्या लेनमध्ये होते. त्या दिवशी माझ्या निशाणावर एकही गोळी धड लागली नाही. तिच्या लागल्या.

तपासण्या बरेच दिवस चालल्या. आधी मानेचा मणका म्हणाले, मग व्हिटॅमिन. शेवटी मेंदूच्या एका डॉक्टरांनी दोघांना समोर बसवून सांगितलं. स्नायूंना हालचाल सांगणाऱ्या नसा एकेक करून मरत जातात. हातापासून सुरू झालंय, पुढे पाय, मग गिळणं, मग श्वास. बुद्धी शेवटपर्यंत शाबूत राहते. औषध नाही. हेमाने विचारलं, "नेमबाजी केली तर लवकर वाढेल का?" डॉक्टर म्हणाले, दमू नका, एवढंच. घरी आल्यावर तिने देवस्थळींना सांगितलं, "जमेल तोवर मी झाडणार आहे. जमत नाही असं दिसलं तर गोड बोलू नका, सरळ सांगा."

"सांगेन."

"या वेळेला खरंच सांगा."

तिथून त्यांचं दुसरं काम सुरू झालं. पूर्वी स्प्रिंग काडतुसाप्रमाणे व्हायची. आता हेमाच्या बोटांत जेवढं बळ उरलंय त्याप्रमाणे स्प्रिंग करायची आणि त्या स्प्रिंगेला चालेल असं काडतूस शोधायचं. पुण्यातले लॉट संपले तेव्हा त्यांनी कोल्हापूर, नागपूरच्या क्लबांना फोन केले. "तुमच्याकडे सगळ्यात मवाळ कुठलं?" समोरच्याला वाटायचं, सराव नवशिक्यांचा असेल. असोसिएशनच्या सेक्रेटरींनी कागदपत्रांची सोय करून दिली. कारखान्यात तेव्हा स्वेच्छानिवृत्तीची नोटीस लागली होती. लोक आता स्कूटर सोडून मोटरसायकली घेत होते. बाकीचे लोक युनियनच्या ऑफिसात चकरा मारत होते. देवस्थळींनी पहिल्याच दिवशी अर्ज दिला. साहेबांनी विचारलं, तुम्हाला काय घाई? ते म्हणाले, "घरी काम आहे."

सकाळी हेमाची वेणी तेच घालत. पहिले काही दिवस ती वेणी इतकी घट्ट असायची की भुवया वर ताणलेल्या दिसायच्या. मी हसले तर हेमा म्हणाली, "स्प्रिंग वळायची सवय. बोलू नकोस काही, सैल घालायला शिकतायत हळूहळू."

तीन सेकंदांत हात वर आणणं आता तिला झेपत नव्हतं, म्हणून ती फक्त स्लो फायर करायची. बोल्ट ओढायला आधी दोन बोटं पुरत, मग चार लागली, मग तळव्याची कड. रेंज ऑफिसर भला माणूस होता. तो म्हणाला, "मॅडम, बोल्ट मी ओढून देत जाऊ का? कुणी काही म्हणणार नाही."

"मग गुणही तुमच्याच नावावर लावा," हेमा म्हणाली. तो हसला आणि बाजूला झाला. मी पाहिलं, देवस्थळींचे दोन्ही हात त्यांच्याच गुडघ्यांवर आवळलेले होते. लाइनच्या पुढे त्यांना जाता येत नव्हतं.

पावसाळा संपता संपता एका संध्याकाळी मी त्यांच्याकडे गेले होते. हेमा खुर्चीत बसली होती. देवस्थळी तिच्यासमोर स्टुलावर, हातात एक स्प्रिंग. इतकी बारीक की जुन्या बॉलपेनमधली वाटावी.

"ही शेवटची," ते म्हणाले. "याहून हलकी केली तर बोल्ट पुढे यायलाच जोर राहणार नाही. काडतूस आत जाणार नाही."

"आणि काडतूस?"

"आहे त्याहून मवाळ कुणी बनवत नाही."

हेमाने त्या स्प्रिंगेकडे पाहिलं. "म्हणजे हिच्यावर मी जितके दिवस काढेन तितके."

"हो."

"बरं झालं सरळ सांगितलंत," ती म्हणाली, आणि मला म्हणाली, "चहा तू कर. यांच्या चहात साखर मोजूनमापून असते."

स्वयंपाकघरात मी गॅस पेटवला आणि तिथेच ओट्याला धरून उभी राहिले. 

जानेवारीत क्लबची स्पर्धा होती. हेमाने नाव दिलं. तोवर तिला चालताना काठी लागत होती आणि बोलताना शब्द जरा ओढल्यासारखे येत. इम्तियाजभाई दुकान बंद करून आले होते, कधी येत नसत. पहिल्या दोन मालिका तिने नीट झाडल्या. गुण पूर्वीचे नव्हते, पण वाईटही नव्हते. तिसऱ्या मालिकेत एक गोळी झाडल्यावर बोल्ट पुढे आला आणि काडतूस अर्धवट आत घेऊन थांबला. तिने तळव्याने लोटला, बसला. पुढच्या गोळीला पुन्हा थांबला. या वेळी तिने लोटून पाहिलं, तो हलला नाही. हात थरथरायला लागला होता. तिने पिस्तूल नळी समोर ठेवून टेबलावर ठेवलं आणि हात वर केला.

रेंज ऑफिसर जवळ आला. "बिघाड धरतो मॅडम. पुन्हा संधी आहे."

"बिघाड नाही," हेमा म्हणाली. "पिस्तूल बरोबर आहे. माझं झालं."

त्याने पिस्तूल रिकामं केलं. ती काठी टेकत मागे बाकाशी आली. देवस्थळी उभे राहिले आणि त्यांनी स्वेटर पुढे केला. तिने एक हात घातला, दुसरा त्यांनी घालून दिला. मग ते वळले आणि भिंतीकडे तोंड करून, लोकांकडे पाठ करून, पुष्कळ वेळ थर्मासचं झाकण लावत राहिले. इम्तियाजभाई जवळ जाऊन नुसते उभे राहिले.

पिस्तूल घरात ठेवून उपयोग नव्हता आणि हेमाला ते कपाटात गंजवायचं नव्हतं. रेंजवर भाग्यश्री नावाची एक मुलगी यायची, वऱ्हाडातली, हिंजवडीत नोकरी करणारी. तिने विचारलं होतं. हेमाने तिला घरी बोलावलं, हात पुढे करायला लावला, पंजा निरखून पाहिला आणि मान हलवली. परवान्याचे सोपस्कार इम्तियाजभाईंनी केले. पण त्या बारीक स्प्रिंगेवर निरोगी माणसाला ते पिस्तूल चालवता येणार नव्हतं. नेहमीच्या काडतुसाला बोल्ट आदळून फुटला असता. कडक स्प्रिंग हवी होती, पहिल्यासारखी.

इम्तियाजभाई म्हणाले, "मी मुंबईहून मागवतो. तुम्ही त्रास घेऊ नका."

देवस्थळी म्हणाले, "नको. माप माझ्याकडे आहे."

कारखाना सुटला होता, म्हणून इम्तियाजभाईंच्याच दुकानातल्या हातलेथवर त्यांनी ती वळली. वळताना दोनदा तार सुटली, असं कधी होत नसे. तिसरी जमली. ती बसवण्याआधी ते घरी घेऊन आले आणि हेमाच्या हातात ठेवली. तिचा अंगठा आणि बोट यांच्यामध्ये त्यांनी ती धरली. ती दाबायचा प्रयत्न करत होती हे तिच्या चेहऱ्यावरून कळत होतं, स्प्रिंग तसूभर हलत नव्हती. त्यांनी तिच्या अंगठ्यावर आपला अंगठा ठेवला आणि दाबला. स्प्रिंग दबली आणि परत आली.

"कशी आहे?" त्यांनी विचारलं.

तिला शब्द जुळवायला वेळ लागला. "बरोबर आहे," ती म्हणाली. "तिला सांगा, पुंगळी... बघायची."

त्यानंतर ती दोन वर्षं होती. बोलणं गेलं, मग डोळ्यांनीच हो-नाही. देवस्थळींनी भाताची पेज भरवण्यापासून कूस बदलण्यापर्यंत सगळं केलं, बाई ठेवली ती फक्त धुण्याभांड्यांना. श्रावणात, दुपारी, ते तिच्या पायाला तेल लावत असताना ती गेली. त्यांना काही वेळ कळलंच नाही. वैकुंठ स्मशानभूमीत इम्तियाजभाई सगळ्यांच्या मागे, टोपी हातात घेऊन उभे होते.  विधी आटोपल्यावर त्यांनी देवस्थळींच्या खांद्यावर हात ठेवला आणि त्यांना रिक्षापर्यंत सोडलं.

भाग्यश्रीने त्या पिस्तुलावर दोन वर्षं चांगली नेमबाजी केली. मग कंपनीने तिला अमेरिकेला पाठवलं आणि तिने ते इंदूरच्या कुणाला तरी विकलं. जाण्याआधी ती देवस्थळींना भेटायला आली होती, परवानगी मागितल्यासारखी. ते म्हणाले, "तुझं आहे, तू विक. नव्या माणसाला काडतूस कुठलं लागतं ते विचार, म्हणजे मी स्प्रिंग करून देतो." इंदूरहून कुणी विचारलं नाही.

मी अजून अधूनमधून त्यांच्याकडे जाते. चहा ते करतात आणि साखर खरंच मोजून घालतात. मागच्या खेपेला मी म्हटलं, "रेंजवर चला की एखाद्या रविवारी. बसायला."

"गेलो होतो," ते म्हणाले.

"कधी? मला बोलला नाहीत."

"गेल्या वर्षी. बाकावर बसलो. सगळ्या लेन चालू होत्या." त्यांनी कप खाली ठेवला. "ती झाडायची तेव्हा पाठ करून बसलो असलो तरी मला कळायचं, आता हिची गोळी सुटली. कितीही लोक झाडत असोत. त्या दिवशी तासभर ऐकलं. सगळ्यांचा आवाज सारखाच येत होता."

"मग?"

"मग काय. बस पकडून घरी आलो."

ते उठले, दोघांचे कप उचलले आणि मोरीत नेऊन विसळायला लागले.